भरीव माझी, पोकळ तुमची

३ मार्च

लातूरचा आऱ्याच्या पात्यांचा व्यापारी दरवर्षी डायरी देतो आणि ती दरवर्षी डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली जाते. यंदा लिहायला घेतली. हे गेल्यापासून घरात बोलायला माणूस नाही. मृत्युंजय बँकेतून येतो तो कानाला मोबाइल लावूनच. पुढच्या महिन्यात त्याचं लग्न आहे, तेव्हा त्याला काही म्हणता येत नाही.

आज मठाच्या चिंचबनाच्या तोडीचा गुत्ता, म्हणजे ठेका, मला मिळाला. औशातले बाकीचे वखारवाले पुरुष आहेत, आणि पुरुष झाडाकडे लांबून बघून बोली लावतात. मी आदल्या दिवशी जाऊन एकेक झाड ठोकून आले होते. कुऱ्हाडीच्या तुंब्याने, म्हणजे पात्याच्या मागच्या बोथट बाजूने, बुंध्यावर ठोकायचं आणि कान द्यायचा. भरीव झाड टणटणीत बोलतं, पोकळ झाड ढब्ब करतं. सासऱ्यांनी ही विद्या मुलाला सोडून सुनेला दिली, कारण मुलाला, म्हणजे ह्यांना, आऱ्यापेक्षा सिमेंटकामाची आवड होती.

मठाचे मुख्य विश्वस्त गुरुपादप्पा माझे चुलतमामा लागतात. त्यांना बन नकोसं झालंय. गेल्या वळवात एक फांदी मोडून मठात स्वयंपाक करणाऱ्या साखराबाईच्या उजव्या खांद्यावर पडली, अजून तिला तो हात वर नेता येत नाही. झाडं गेली की त्या जागेवर मंगल कार्यालय बांधायचं आहे. मला ते पटतं. आमच्याकडची माणसं लग्नाचा हॉल शोधत लातूरला जातात.

बनातलं सगळ्यात देखणं झाड म्हणजे पायऱ्यांजवळची थोरली चिंच. सासरे गेले तेव्हा ह्यांनी तिच्याभोवती सिमेंटचा उंच पार बांधला आणि सासऱ्यांच्या नावाची संगमरवरी पाटी बसवली. ह्यांचं काम चोख असायचं. थोडंही सिमेंट वाया घालवलं नाही, पार चढवतानाच बुंध्यात जिथे खोबण दिसली तिथे भरून वरून हात फिरवला. काल तिला ठोकलं तर दगडावर घण मारावा तसा आवाज आला. इतकी भरीव चिंच मी जन्मात पाहिली नाही. तिच्या एकटीच्या लाकडात गुत्ता वसूल होईल.

८ मार्च

लग्नाचा बस्ता बांधायला लातूरला गेलो होतो. आमच्या होणाऱ्या विहीणबाई मनस्विनीबाई कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायच्या. आता निवृत्त आहेत आणि झाडं वाचवायचा एक गट चालवतात. मालविका त्यांची एकुलती एक. लिंगायतांच्या घरी ब्राह्मणांची मुलगी येणार म्हणून दोन्हीकडच्या नातेवाइकांनी नाकं मुरडून झाली. आम्ही दोघी मात्र पहिल्या भेटीतच एकमेकींना बऱ्या वाटलो होतो.

दुकानात गादीवर बसल्या बसल्या त्यांनी विचारलं, "जगदेवीताई, मठाचं चिंचबन तोडायला कुठल्या वखारीनं घेतलंय, कळलं का तुम्हाला?"

"माझ्याच," मी म्हटलं, आणि दुकानदाराला म्हटलं, "ती जांभळी दाखवा की जरा."

मग जांभळी राहिली बाजूला. त्या म्हणाल्या, जिल्ह्यात जंगल म्हणून दाखवायला काय उरलंय? त्या बनात पोपट आहेत, घुबडं आहेत, शंभर वर्षांपूर्वीच्या सावल्या आहेत. मी म्हटलं, ते जंगल नाही, मठाची बाग आहे. माणसांनीच लावली, माणसांनाच लाकूड लागतं. तुमच्या घराच्या चौकटी काय आभाळातून पडल्या? शिकवायच्या सवयीने त्यांचं बोट वर गेलं, वखारीच्या सवयीने माझा आवाज वर गेला. मालविका आणि मृत्युंजय एका शालूची दोन टोकं धरून उभे राहिले.

शेवटी शालू घेतला. दोघींनाही एकच आवडला होता, हे विशेष.

१३ मार्च

मनस्विनीबाई आज गटातल्या चार बायका घेऊन बनात आल्या. मी मापं घ्यायला गेलेच होते. गुरुपादमामाही पायऱ्यांवर येऊन बसले.

मामा म्हणाले, "बाई, तुमी लातुरात ऱ्हाता. फांदी आमच्या डोक्यावर पडती. साखराबाईचा खांदा बघा अन् मग घुबडाचं बोला."

विहीणबाई साखराबाईजवळ गेल्या, तिची विचारपूस केली, परत आल्या आणि म्हणाल्या, "तुमचं खरं आहे. पण एक फांदी मोडली म्हणून बन तोडणं म्हणजे दात दुखतो म्हणून सगळी बत्तीशी काढणं." मामांची बत्तीशी नुकतीच काढून झाली आहे. 

दुपारी सगळ्यांनी सावलीत डबे उघडले. विहीणबाईंची थालीपिठं चांगली असतात. म्हणाल्या, आमच्याकडे फक्त लाकडी घाण्याचं तेल. मी वाटच बघत होते. म्हटलं, "त्या घाण्याचं उखळ कशाचं असतं, माहीत आहे? चिंचेचं. तुमच्या घाणेवाल्याला मागच्या साली ओंडका मीच दिला."

त्यांनी हातातला घास आधी संपवला. मग म्हणाल्या, "एका घाण्याला एक झाड लागतं, ताई. बन नाही लागत."

उत्तर चांगलं होतं. मला तिथे काही सुचलं नाही, घरी आल्यावरही सुचलेलं नाही. मी माणूस मोकळ्या मनाची आहे, म्हणून लिहून ठेवते.

१७ मार्च

तोडीची माणसं आली होती, परत पाठवली. झाडांवर अजून चिंचा आहेत. झोडून गोळा करणाऱ्या बायकांचा हंगाम बुडवणं बरं नव्हे. हा व्यवहार आहे. माझं मन पातळ झालं असं कुणी म्हणू नये.

मृत्युंजय म्हणाला, "आई, लग्न होईपर्यंत आरा लावूच नकोस तिकडे. मालविका काही बोलत नाही, पण तिला मधल्या मधे फार त्रास होतोय." मी म्हटलं, बाळा, मी दिलेला शब्द आणि घेतलेला गुत्ता कधी मागे घेतला आहे का? तो म्हणाला, नाही, तीच तर भीती आहे.

त्याच्या जन्माआधीपासून मी या वखारीत बसते. बाई म्हणून लोक पहिल्या वर्षी हसले, दुसऱ्या वर्षी उधार मागायला आले. ते शब्द पाळते म्हणून. चिंचेच्या लाकडाचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक मटणाची दुकानं, त्यांना मटण तोडायला खालचा ठोकळा चिंचेचाच लागतो. आमच्या घरात अंडं शिजत नाही, तरी वेळेवर ठोकळा पोचला नाही असं एकाही खाटकानं म्हणू नये.

१८ मार्च

बनात गेले होते. मापं राहिली होती.

२० मार्च

बनात गेले होते. काही काम नव्हतं, पण गुत्ता माझा आहे तर लक्ष ठेवायला नको? खालच्या फांद्यांना चिगूर आलाय, तांबूस, कोवळा. ओटीभर आणला आणि वरणात घातला. एक डबा लातूरला विहीणबाईंकडे मृत्युंजयबरोबर पाठवला. भांडण आपल्या जागी, चिगूर आपल्या जागी.

२२ मार्च

तोडगा निघाला आणि तो माझ्याच डोक्यातून निघाला.

विहीणबाई पुन्हा आल्या होत्या. कुठल्या झाडात कोण राहतं ते दाखवत होत्या. या ढोलीत पोपट, त्या ढोलीत पिंगळा. ऐकता ऐकता माझ्या लक्षात आलं, त्या दाखवतात ती सगळी झाडं माझ्या हिशेबी कुचकामी आहेत. ढोली असलेल्या झाडात लाकूड कुठलं? ते वीटभट्टीत जाळायचं. आणि मला जी हवीत, त्यांत त्यांचा एकही पक्षी राहत नाही.

मी म्हटलं, "मग आपण भांडतोय कशासाठी? पोकळ तुमची, भरीव माझी."

त्यांनी एका सरळ बुंध्यावर हात ठेवला. म्हणाल्या, "भरीव झाडं उद्याची ढोलीवाली असतात, ताई. ती सगळी नेलीत तर हे बन म्हातारं होऊन संपेल." मी म्हटलं, सगळी नेत नाही, भिंतीकडची तेवढी आधी नेते, मामांचं कार्यालयही तिथेच होईल. पोकळ झाडांच्या वरच्या जड फांद्या उतरवून देते, म्हणजे साखराबाईच्या डोक्यावर काही येणार नाही. मामांनी नाइलाजाने मान हलवली, पण हलवली.

"आणि थोरली?" विहीणबाईंनी विचारलं.

"ती माझी. सगळ्यात भरीव तीच."

"तिच्यातून गव्हाणी घुबड निघताना मी डोळ्यांनी पाहिलंय."

"बेचक्यात बसलं असेल. माझा कान खोटं बोलत नाही." मी तिथल्या तिथे तुंबा मारून दाखवला, टण्ण. त्याही चकित झाल्या. मग मी सगळ्यांसमोर, पायऱ्यांवर उभी राहून सांगितलं: उद्या माझा मिस्त्री संगप्पा गिरमिटाने भोक पाडून दाखवेल. थोरली पोकळ निघाली तर ती आणि तिच्यासारखी सगळी पोकळ झाडं जन्मभर राहतील. ही जगदेवीची जबान.

मामा हसले. त्यांना माझा कान माहीत आहे.

२३ मार्च

काय लिहू?

संगप्पाने पाराच्या वर हातभर उंचीवर गिरमिट लावलं. आधी सालीचा भुसा आला. मग थोडा तांबडा, चांगल्या लाकडाचा. मी विहीणबाईंकडे पाहिलं. मग गिरमिट किरकिरलं आणि करडी पूड यायला लागली.

"अक्का," संगप्पा म्हणाला, "ह्ये लाकूड न्हाई. शिमीट हाय."

दुसऱ्या बाजूने लावलं. तेच. तिसऱ्या बाजूने लावलं, गिरमिटाचं टोक मोडलं. वरती, माणूसभर उंचीच्या पुढे लावलं तेव्हा ते एकदम आत गेलं आणि संगप्पाचा तोल गेला. आत काही नव्हतं. भोकातून कुबट वास आला. आम्ही सगळे आवाज करत होतो म्हणून असेल, वरच्या फांदीखालून पांढरं घुबड भर दिवसा बाहेर पडलं आणि मठाच्या छपरावर जाऊन बसलं.

मला कळायला वेळ लागला नाही. ह्यांनी खोबणीत सिमेंट भरलं होतं ते मला माहीत होतं. खोबण केवढी होती ते माहीत नव्हतं. अख्खा बुंधा आतून भरला होता, विटांचे तुकडे घालून, चोख. सालीने वरून कड धरली होती. मी ज्याला लाकूड समजले ते ह्यांचं काम होतं.

विहीणबाईंनी गिरमिटाचं मोडलेलं टोक उचलून संगप्पाच्या हातात दिलं. मला टोमणा मारला असता तर बरं झालं असतं.

२४ मार्च

सकाळी मामांकडे गेले. ते म्हणाले, "जगदेवी, जबान-बिबान सोड. बायकांच्या पैजंला कोन इचारतंय? गुत्ता तोडायचा घेतलास, तोड."

मी म्हटलं, "मामा, बायकांच्या पैजेला कुणी विचारत नसेल, वखारीच्या शब्दाला विचारतात."

"अन् फांद्या?"

"माझी माणसं उतरवतील. दर वर्षी वळवाच्या आधी."

ते कुरकुरले. "तोडायला गेलीस अन् झाडाची हजामत करायलीस." मग म्हणाले, भिंतीकडची जागा तरी एप्रिलमध्ये मोकळी करून दे. ती देईन म्हटलं.

लाकूड कमी मिळेल, हे मी लपवत नाही. पण चूक माझ्या कानाची नाही. आवाज भरीवच होता.

४ एप्रिल

भिंतीकडची पाच भरीव झाडं पाडली. विहीणबाई येणार नाहीत असं वाटलं होतं, आल्या. पहिलं झाड पडलं तेव्हा त्यांनी डोळे मिटले नाहीत. पाडून झाल्यावर बुंध्याच्या कापावर तळहात ठेवून उभ्या राहिल्या. कापाच्या मधोमध जांभळट काळं टणक लाकूड होतं, फार सुंदर. त्यांचे डोळे भरले होते. मलाही गलबलून आलं, पण मला दर वेळी येतं, मी ते कामगारांसमोर दाखवत नाही.

"ह्याचं काय करणार?" त्यांनी विचारलं.

"एक ओंडका घाण्याला. बाकीचे खाटकांना."

त्या म्हणाल्या, "घाण्याचा तो कुठे जाईल ते मला सांगा. मी तिथलं तेल घेईन." मग त्यांनी पिशवीतून वीतभर चिंचेची रोपं काढली आणि मामांना जागा विचारली. मामांनी कार्यालयाच्या नकाशातली पार्किंगची एक पट्टी सोडली. मी रोपांना पाणी घातलं, कारण बादली माझ्याच हाताशी होती.

११ एप्रिल

विहीणबाई म्हणाल्या, थोरलीला ठेवायचं असेल तर पार काढावा लागेल. सिमेंटने मुळांचा गळा आवळला आहे. आत भरलेल्या सिमेंटच्या मागे पाणी साचतं आणि लाकूड कुजतं. "भक्तीने मरतात हो झाडं, कुऱ्हाडीने मरतात त्याहून जास्त," असं त्या सहज म्हणून गेल्या आणि मग पाटीवरचं नाव वाचून गोऱ्यामोऱ्या झाल्या.

मामा म्हणाले, सासऱ्याच्या नावाचा पार सून फोडणार? गाव काय म्हणंल? मी म्हटलं, पाटी मठाच्या भिंतीत बसवा, तिथे जास्त लोक वाचतील. आणि पहार मीच हातात घेतली, म्हणजे दुसऱ्या कुणाला पाप नको.

दोन फटके माझे, बाकीचे संगप्पाचे. पार निघाला तसा बुंध्याचा जमिनीलगतचा भाग उघडा पडला. तिथे खोबणीचं खालचं तोंड होतं, घमेल्याएवढं, सिमेंटने लिंपलेलं. इतकी वर्षं पाराखाली झाकलेलं असल्यामुळे कालच लिंपल्यासारखं दिसत होतं. संगप्पाने घण उचलला आणि तसाच खाली ठेवला.

"अक्का, हिकडं बघा."

सिमेंटवर हाताचा पंजा उमटलेला होता. दाबून बसवताना उमटला असणार. चार बोटं पूर्ण आणि अंगठ्याशेजारच्या बोटाचं वरचं पेर नाही. लग्नाच्या आधीच ते आऱ्यात गेलं होतं. लग्नात माझ्या हातात हात दिला तेव्हा मी पहिल्यांदा तेच बोट पाहिलं होतं.

मी मातीत बसले.  मी माझा हात त्या पंज्यात ठेवून पाहिला. मावला, आणि भोवती थोडी जागा उरली.

ह्यांना आरा कधी आवडला नाही. मी म्हणायची, वखारवाल्याचा मुलगा आणि लाकडाला भितो. त्यांना वाटलं असेल, झाडाला भोक पडलंय, बुजवावं. मला खूप आठवण आली. विहीणबाई माझ्याजवळ मातीतच बसल्या, त्यांची साडी चांगली होती तरी.

तेवढा तुकडा संगप्पाने छिन्नीने अलगद सोडवला. वखारीत माझ्या टेबलावर ठेवला आहे. त्या वजनाने टेबल आता डुगडुगत नाही.

२१ एप्रिल

उद्या लग्न. आज मांडवडहाळे. आमच्या घराची रीत अशी की मांडवावर घालायचा पहिला हिरवा डहाळा मठाच्या थोरल्या चिंचेचा, मग आंबा, जांभूळ, उंबर. माझ्या लग्नात तसंच झालं होतं. बैलगाडी सजवली, हलगी लावली, बायका निघाल्या. मुलीची आई डहाळे आणायला येत नसते, पण विहीणबाई आल्या. म्हणाल्या, झाडाला जखम कुठे करायची ते तुमच्या माणसांना कळत नाही.

मी म्हटलं, मग करवत तुम्हीच धरा.

त्यांनी जन्मात करवत धरली नव्हती.  फांदीच्या बगलेची गाठ सोडून बाहेरच्या अंगाने कापायचं, म्हणजे साल पुन्हा मिटते, हे त्यांनी मला सांगितलं. मनगट ताठ ठेवून करवत ओढताना जोर लावायचा, ढकलताना सोडायचा, हे मी त्यांना सांगितलं. डहाळा पडला तेव्हा हलगीवाल्याने उगीचच जोरात वाजवली.

मामा पायऱ्यांवरून म्हणाले, "झाडवाली बाई कापायली अन् वखारवाली वाचवायली. लई बेस." साखराबाई हसली. तिने डाव्या हाताने डहाळ्याला हळदकुंकू लावलं.

२८ एप्रिल

सुनेने पहिल्या सकाळी वखार बघायला मागितली. टेबलावरचा पंजा पाहून त्यावर हात ठेवला. तिचा हात फार लहान आहे.

मामा भेटले. बनातल्या उरलेल्या भरीव झाडांचं काय म्हणून विचारत होते. मी सांगितलं, ती माझी आहेत, ठरल्याप्रमाणे. कधीही तोडीन. आत्ता चिंचेला मागणी नाही, पुढच्या वर्षी बघू. मामा म्हणाले, मागणी तर लई हाय की. मी म्हटलं, लाकडाच्या धंद्यातलं तुम्हाला काय कळतं?

काल रात्रभर वळीव झोडपत होता. वीज गेली होती, पत्रे वाजत होते, आणि मला झोप लागली नाही. सकाळी बनात गेले. छाटलेल्या फांद्यांमुळे कुठे काही मोडलं नव्हतं. साखराबाई ओल्या पायऱ्या झाडत होती. थोरलीखाली मोकळी माती होती, आत पाणी मुरलं होतं. आत भरलेलं निघालं तेवढं सिमेंट आम्ही मागच्या आठवड्यात काढलं आहे.

कुऱ्हाड बरोबर होतीच. सवयीने तुंबा मारला आणि कान दिला. ढब्ब वाजलं. आत काहीतरी फडफडलं आणि पुन्हा शांत झालं.

बरं वाटलं.